धावायला शिकताना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील गारखेडा परिसरात विभागीय क्रीडा संकुल आहे. सूतगिरणी चौक, जवाहरनगर, पुंडलिकनगर, शिवाजीनगर अशा आसपासच्या वसाहतींतील नागरिकांना सकाळच्या व्यायामासाठी हे मैदान सोयीचे आहे. अशा मैदानावर पहाटे प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, पोलिस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी. आणि दुसरी, डॉक्टरांनी सांगितले म्हणून किंवा वर्षानुवर्षांची सवय म्हणून चालायला येणारी प्रौढ मंडळी. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, संख्येने लहान गट असतो. चालणे जमते आहे, आता धावून पाहावे, असे ज्यांना वाटू लागले आहे त्यांचा. प्रस्तुत लेख या तिसऱ्या गटासाठी आहे.

या गटातील अनेकांचा अनुभव सारखाच असतो. पहिल्या दिवशी उत्साहाने धावायला सुरुवात होते. दोनशे-तीनशे मीटरवर धाप लागते, छाती भरून येते आणि पाय जड होतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आखडतात. तरीही जिद्दीने आठ-दहा दिवस काढले, तर नडगी किंवा गुडघा दुखू लागतो. मग ‘आपल्या वयाला हे झेपणारे नाही’ असा निष्कर्ष काढून बूट कोपऱ्यात जातात. वास्तविक यात वयाचा दोष फारसा नसतो. चूक असते ती वेगाची आणि घाईची.

वेगाचा फरक

महाराष्ट्र पोलिस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. १६०० मीटरसाठी पूर्ण गुण हवे असतील तर हे अंतर सुमारे ५ मिनिटे १० सेकंदांत कापावे लागते. म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीची एक फेरी साधारण ७७ सेकंदांत. ज्याने कधीच सराव केलेला नाही, अशा पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला सुरुवातीला एक किलोमीटरसाठी आठ मिनिटे लागणे अगदी स्वाभाविक आहे. त्या वेगाने त्याची एक फेरी ३ मिनिटे १२ सेकंदांत होईल. तेवढ्या वेळात भरतीच्या तयारीतला तरुण जवळजवळ अडीच फेऱ्या पूर्ण करील.

शेजारून जाणाऱ्याच्या वेगाशी आपला वेग नकळत जुळवला जातो आणि तेथेच नवशिक्याची दमछाक होते. धावण्याच्या मार्गदर्शित कार्यक्रमाचा पहिला उपयोग हा, की तो धावणाऱ्याला दुसऱ्याच्या घड्याळावरून काढून स्वतःच्या घड्याळावर आणतो.

श्वास आधी सुधारतो, हाडे नंतर

नियमित व्यायाम सुरू केल्यावर शरीरात होणारे बदल एकाच गतीने होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागते, त्यामुळे हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलता येते. पुढील काही आठवड्यांत स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता दम लागत नाही’ असे वाटू लागते.

हाडे आणि कंडरा मात्र इतक्या लवकर तयार होत नाहीत. नवा भार पडला की हाडातील जुना भाग आधी काढला जातो आणि मग तेथे नवा भरला जातो. या फेरबदलाला काही महिने लागतात. मधल्या काळात ते ठिकाण तात्पुरते दुबळे असते. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत तो १४० ते २१० किलो होतो. वीस मिनिटे सलग धावल्यास अशी तीन हजारांच्या आसपास पावले पडतात.

धोका नेमका या तफावतीत आहे. श्वास साथ देतो म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि जी हाडे अजून तयार झालेली नाहीत, त्यांच्यावर तो भार पडतो. चांगला कार्यक्रम नवशिक्याला धावायला लावतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो त्याला वेळेवर थांबवतो.

ही पद्धत आली कोठून?

सामान्य माणसाने आरोग्यासाठी सावकाश धावावे, ही कल्पना तशी अलीकडची. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमधील मध्यमवयीन, स्थूल आणि काही हृदयरोगी व्यक्तींना एकत्र करून हळूहळू धावायला शिकवले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले. त्या मंडळींसोबत धावताना ते मागे पडले. त्यांना सोबत करण्यासाठी मागे थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक गृहस्थ. बॉवरमन यांनी मायदेशी परतल्यावर हा प्रयोग सुरू केला आणि हृद्रोगतज्ज्ञ डब्ल्यू. ई. हॅरिस यांच्यासह ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ प्रसिद्ध झाले आणि हा व्यायाम घरोघरी पोहोचला.

आज जगभर सर्वाधिक परिचित असलेला नवशिक्यांचा कार्यक्रम ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाने ओळखला जातो. बैठ्या माणसाला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील जॉश क्लार्क या तरुणाने १९९६ साली तो तयार केला. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला धावायला सुरुवात करता यावी, हा त्यामागचा हेतू होता. २०१६ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने बीबीसीच्या साहाय्याने त्याचे मोबाइल ॲप उपलब्ध करून दिले. कानात सूचना ऐकू येतात, त्यामुळे घड्याळाकडे पाहावे लागत नाही. तथापि, ॲप नसले तरी काही अडत नाही. साधे घड्याळ पुरेसे आहे.

महाराष्ट्रातही १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर हौशी धावपटूंची संख्या वाढत गेली.

नऊ आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस विश्रांती, आणि एकूण वेळ अर्धा तास ते चाळीस मिनिटे, असे या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. दर वेळी आरंभी पाच मिनिटे झपाट्याने चालावे आणि शेवटी पाच मिनिटे सावकाश चालून थांबावे. मधला भाग पुढीलप्रमाणे :

पहिला आठवडा : ६० सेकंद धावणे, ९० सेकंद चालणे. हे एकूण २० मिनिटे.

दुसरा आठवडा : ९० सेकंद धावणे, २ मिनिटे चालणे. एकूण २० मिनिटे.

तिसरा आठवडा : ९० सेकंद धावणे, ९० सेकंद चालणे, ३ मिनिटे धावणे, ३ मिनिटे चालणे. असे दोन वेळा.

चौथा आठवडा : ३ मिनिटे धावणे, दीड मिनिट चालणे, ५ मिनिटे धावणे, अडीच मिनिटे चालणे, पुन्हा ३ मिनिटे धावणे, दीड मिनिट चालणे, ५ मिनिटे धावणे.

पाचवा आठवडा : पहिल्या दिवशी ५ मिनिटे धावणे तीन वेळा, मध्ये ३-३ मिनिटे चालणे. दुसऱ्या दिवशी ८ मिनिटे धावणे दोन वेळा, मध्ये ५ मिनिटे चालणे. तिसऱ्या दिवशी सलग २० मिनिटे धावणे.

सहावा आठवडा : पहिल्या दिवशी ५, ८ आणि ५ मिनिटे धावणे, मध्ये ३-३ मिनिटे चालणे. दुसऱ्या दिवशी १० मिनिटे धावणे दोन वेळा, मध्ये ३ मिनिटे चालणे. तिसऱ्या दिवशी सलग २५ मिनिटे.

सातवा आठवडा : तिन्ही दिवस सलग २५ मिनिटे.

आठवा आठवडा : तिन्ही दिवस सलग २८ मिनिटे.

नववा आठवडा : तिन्ही दिवस सलग ३० मिनिटे.

पहिल्या दिवसाचा हिशेब केला तर वीस मिनिटांपैकी धावण्याचा वेळ अवघा आठ मिनिटे भरतो. पुष्कळांना हा व्यायाम पोरखेळ वाटतो आणि ते पहिले दोन आठवडे वगळून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. असे करू नये. हे आठवडे दमासाठी नसून पायांसाठी आहेत. पाचव्या आठवड्यातील सलग वीस मिनिटांचा दिवस अनेकांना धडकी भरवतो. त्या दिवशी नेहमीपेक्षाही हळू सुरुवात केली, तर बहुतेकांना तो पार पडतो.

नावात पाच किलोमीटरचा उल्लेख असला तरी तीस मिनिटांत पाच किलोमीटर जाण्यासाठी किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग लागतो आणि तो नवशिक्यांपैकी थोड्यांनाच साधतो. आठ मिनिटांच्या वेगाने तीस मिनिटांत पावणेचार किलोमीटर होतात. त्यात कमीपणा नाही. पहिले ध्येय मिनिटांचे ठेवावे, किलोमीटरचे नव्हे.

योग्य वेग कसा ओळखावा?

यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. काहींच्या बाबतीत हा वेग झपाट्याने चालणाऱ्या माणसाएवढाच ठरतो. शेजारून चालणारा पुढे निघून गेला तरी हरकत नाही. पावले लांब टाकू नयेत. ती लहान आणि जलद असावीत व पाय शक्यतो शरीराच्या खालीच टेकावा. खांदे सैल, मुठी न आवळलेल्या आणि नजर समोर असावी. श्वास नाकानेच घ्यावा, असा आग्रह धरू नये.

सुरुवातीपूर्वी

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. अनेकांना आपल्याला हा विकार असल्याची कल्पनाही नसते. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा स्थूलता असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या, अथवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय धावण्यास आरंभ करू नये. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी काही औषधे घेणाऱ्यांना व्यायामाच्या वेळी साखर एकदम उतरण्याचा संभव असतो. त्यांनी औषध व न्याहारीच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

महिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर क्रम कितीही सौम्य असला तरी धाप लागते आणि ‘आपल्यात दमच नाही’ असा ग्रह होतो. रक्ताची एक साधी तपासणी हा गैरसमज दूर करू शकते.

धावताना छातीत दाब वा वेदना, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी अथवा ठोके अनियमित झाल्याची जाणीव झाल्यास तत्काळ थांबावे. ‘पित्त असेल’ म्हणून अंगावर काढू नये. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

बुटांसाठी मोठा खर्च आवश्यक नाही. परंतु ते धावण्यासाठीचे, पायाला सैल न होणारे आणि अंगठ्यापुढे थोडी जागा सोडणारे असावेत. महिलांनी खेळासाठीची, आधार देणारी अंतर्वस्त्रे वापरावीत. त्याअभावी पाठ व खांदे दुखून अनेकींचा सराव सुटतो.

ऋतू, वेळ आणि जागा

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते. या दिवसांत नव्याने धावायला लागणे इष्ट नाही. लागायचेच असेल तर सूर्योदयाच्या आधी व्यायाम आटोपावा. आरंभासाठी हिवाळा उत्तम. दिवाळीच्या सुमारास सुरू केलेला नऊ आठवड्यांचा क्रम, एखादा आठवडा पुन्हा करावा लागला तरी, साधारण संक्रांतीपर्यंत पूर्ण होतो. पावसाळ्यात चिखल व शेवाळलेल्या फरशा टाळाव्यात. त्या दिवशी नुसते चालले तरी चालेल.

जागेच्या दृष्टीने मैदान सर्वांत सुरक्षित. धावपट्टीवर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने धावण्याचा प्रघात आहे. आतील पट्ट्या वेगाने धावणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवून नवशिक्यांनी बाहेरच्या बाजूने जावे. सर्वांत आतल्या पट्टीत एक फेरी ४०० मीटरची, तर आठव्या पट्टीत सुमारे ४५० मीटरची होते. त्यामुळे फेऱ्या मोजून अंतर काढणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. रस्त्यावर धावायचे असल्यास बीड बायपाससारख्या वर्दळीच्या मार्गापेक्षा वसाहतींमधील अंतर्गत रस्ते बरे. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने जावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि दोन्ही कानांत गाणी लावू नयेत.

दुखणे आणि दुखापत

नव्या सरावानंतर दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच आखडणे, हे दुखणे साधे असते व ते दोन-तीन दिवसांत ओसरते. याउलट एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना ते वाढत असेल किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर ती दुखापत समजावी. नडगीची आतली कड, गुडघ्याच्या वाटीभोवतालचा भाग, टाच आणि घोट्यामागची कंडरा या नवशिक्यांच्या नेहमीच्या जागा. अशा वेळी धावणे थांबवून आठवडाभर केवळ चालावे आणि तरीही दुखणे राहिल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा सर्वांत वाईट पर्याय होय.

केवळ क्रम पाळला म्हणजे दुखापत होणारच नाही, असे मात्र नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ५३२ नवशिक्यांचे दोन गट केले होते. एकाने तेरा आठवड्यांचा सावकाश, तर दुसऱ्याने आठ आठवड्यांचा नेहमीचा क्रम पाळला. दोन्ही गटांत साधारण पाचांतील एकाला दुखापत झाली. कागदावरील आठवडे ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. नऊ आठवड्यांचे बारा झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

‘धावल्याने गुडघे झिजतात’ ही भीतीही घरोघरी ऐकू येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हौशी धावपटूंमध्ये गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर न धावणाऱ्या बैठ्या व्यक्तींमध्ये ते १०.२ टक्के आढळले. बेताने धावणे सांध्यांना मारक असल्याचे त्यातून दिसत नाही. आधीच संधिवात असलेल्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नऊ आठवड्यांनंतर

प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास धावल्यास नव्वद मिनिटे होतात आणि ही अपेक्षा पूर्ण होते. क्रम संपल्यावर लगेच अंतर किंवा वेग वाढवण्याची आवश्यकता नाही. दोन-तीन महिने एवढ्यावरच स्थिर राहणे हाडांच्या दृष्टीने हितावह ठरते. त्यानंतर इच्छा असल्यास आठवड्यातील एकाच दिवशी थोडे अंतर वाढवावे. शहरोशहरी होणाऱ्या मॅरेथॉन स्पर्धांत पाच किंवा तीन किलोमीटरचे गटही असतात; पहिल्या सहभागासाठी ते योग्य. थेट एकवीस किलोमीटरला नाव नोंदवू नये.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे हे आजचे मोठे उदाहरण. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने सुवर्णपदक पटकावले आणि २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. त्याची वेळ सर्वांच्या लक्षात राहते. परंतु लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जाणारा हा मुलगा सैन्यात भरती झाल्यानंतर, विशी ओलांडल्यावर शर्यतींकडे वळला, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. त्याच्या पायांची पूर्वतयारी अनेक वर्षे चालली होती. खुर्चीत बसून वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या पायांनी नऊ आठवडे मागितले, तर ती मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

म्हणून मैदानावर पहिल्या दिवशी साठ सेकंद धावून चालू लागलेल्या माणसाने शेजारून कोण पुढे गेले याकडे पाहू नये. त्याने घड्याळाकडे पाहावे. नव्वद सेकंद झाले की पुन्हा धावावे.